लिनक्स टाकूनही संगणक पुन्हा पुन्हा थेट विंडोजमध्येच उघडत असेल तर

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडून घेतलेल्या, अजूनही धडधाकट असलेल्या संगणकांवर लिनक्स टाकण्याचा विचार अनेक घरांत सुरू झाला आहे. विंडोज लगेच काढून टाकण्याची तयारी नसते, म्हणून दोन्ही प्रणाल्या शेजारी शेजारी ठेवल्या जातात. लिनक्सची स्थापना सुरळीत होते, काही दिवस सुरुवातीला निवडीचा पडदाही दिसतो, आणि मग एके दिवशी तो पडदा नाहीसा होऊन संगणक काही न विचारता विंडोजमध्ये उघडतो. लिनक्स पुन्हा टाकले की पडदा परत येतो आणि काही काळाने पुन्हा जातो. येथे विचार करायचा आहे तो या परत परत येणाऱ्या तक्रारीचा. एकदाच घडलेल्या बिघाडाला इतक्या तपासणीची गरज नसते.

पहिली गोष्ट अशी की पुन्हा स्थापना करू नये. दुकानात विचारले तर बहुधा ‘फॉरमॅट मारून नव्याने टाकू’ हेच उत्तर मिळते. त्याने लक्षण तात्पुरते जाते, कारण तसेच राहते आणि मधल्या मध्ये घरातील कागदपत्रे व छायाचित्रे पणाला लागतात. या तक्रारीत लिनक्स डिस्कवर जवळजवळ नेहमीच जसेच्या तसे असते. चाळीच्या दारावरील फलकावरून नाव पुसले गेले म्हणून भाडेकरू खोली सोडून गेला असे होत नाही, तशीच ही स्थिती आहे. नाव कोण पुसतो आणि केव्हा पुसतो, एवढेच शोधायचे असते.

नोंद कोठे असते

संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील सॉफ्टवेअरच्या, म्हणजे फर्मवेअरच्या, जुन्या बायॉस पद्धतीत संगणक डिस्कचा पहिला सेक्टर वाचून तेथील सूचनांप्रमाणे पुढे जात असे. आजच्या यूईएफआय पद्धतीत दोन वेगळ्या जागा लागतात. डिस्कवर फॅट३२ स्वरूपाचे एक लहान पार्टिशन असते, त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन किंवा थोडक्यात ईएसपी म्हणतात, आणि विंडोजच्या स्थापनेत ते बहुधा १०० एमबीचे केले जाते. त्यात मायक्रोसॉफ्ट, उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा नावांचे फोल्डर असतात आणि प्रत्येक प्रणालीची आरंभ-फाइल आपापल्या फोल्डरात राहते. दुसरी जागा मदरबोर्डवर असते. तेथील एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत, ‘अमुक पार्टिशनवरील अमुक फाइल’ अशा बूट नोंदी आणि त्या कोणत्या क्रमाने तपासायच्या याची यादी लिहिलेली असते. पार्टिशन ओळखले जाते ते त्याच्या जीयूआयडी क्रमांकावरून, म्हणून डिस्कची केबल एका साटा पोर्टमधून दुसऱ्यात लावल्याने सहसा काही बिघडत नाही. मात्र जुनी हार्ड डिस्क नव्या एसएसडीवर क्लोन करताना हा क्रमांक बदलला, तर नोंद दिसत राहते पण ती कोठेच पोहोचवत नाही.

लिनक्स मिंट टाकणाऱ्यांनी येथे एक लक्षात ठेवावे. मिंट हे उबुंटूवर आधारित असल्याने ईएसपीमधील त्याच्या फोल्डरचे आणि मदरबोर्डवरील नोंदीचे नावही बहुधा ‘उबुंटू’ असेच दिसते. ती नोंद परकी समजून काढून टाकणारे लोक कमी नाहीत.

या दोन जागा वेगळ्या असल्यामुळे बिघाडही दोन वेगळ्या प्रकारचे होतात. मदरबोर्डवरील नोंद मागे ढकलली किंवा पुसली जाते, अथवा नोंद शाबूत राहून डिस्कवरील फाइल बिघडते. परत परत होणाऱ्या तक्रारीत बहुतेक वेळा पहिला प्रकार असतो.

निदान विंडोजमधूनच सुरू करावे

पेनड्राइव्ह शोधण्याआधी विंडोजमध्येच बरीच माहिती मिळते. प्रथम सिस्टीम इन्फर्मेशन उघडून बायॉस मोड या ओळीपुढे यूईएफआय लिहिले आहे की लेगसी ते पाहावे. लेगसी असेल, तर विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेले आहे आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू केला असेल, तर दोन प्रणाल्या दोन वेगळ्या भाषांत बोलत आहेत असे समजावे. मदरबोर्डच्या सीएसएम या सेटिंगमुळे दोन्ही पद्धती चालू राहतात आणि त्यापैकी कोणती आधी तपासली जाईल हे बोर्डाच्या मर्जीवर सोडल्यासारखे होते. उलटेही घडते. विंडोज यूईएफआय पद्धतीत असते, पण बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी यूईएफआय हा शब्द लावून आणि एकदा त्याशिवाय, आणि घाईत दुसरी ओळ निवडली जाते. तशा वेळी लिनक्स लेगसी पद्धतीने बसते. लिनक्सच्या थेट सत्रात (स्थापना न करता पेनड्राइव्हवरूनच चालवलेल्या लिनक्समध्ये) सिस फोल्डरातील फर्मवेअर या फोल्डरात ईएफआय नावाचा उपफोल्डर असेल तर सत्र यूईएफआय पद्धतीने सुरू झाले आहे, नसेल तर नाही, ही खात्री स्थापनेआधी करून घ्यावी.

दोन्ही प्रणाल्या यूईएफआय पद्धतीत आणणे हा सरळ मार्ग आहे. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी हे साधन विंडोजसोबतच येते आणि ते डेटा न पुसता डिस्कची रचना बदलते. तरीही आधी बॅकअप घेतलेला असावा. सीएसएम बंद करण्यापूर्वी ग्राफिक्स कार्डाचे वय मात्र तपासावे. बऱ्याच जुन्या कार्डांमध्ये यूईएफआयला पडद्यावर चित्र दाखवण्यासाठी लागणारा जीओपी हा चालक नसतो. असे कार्ड असलेल्या आणि प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसलेल्या संगणकावर सीएसएम बंद केले की पडदा काळाच राहतो आणि सेटिंगमध्ये परत जाण्याचीही सोय उरत नाही. मग बोर्डावरील क्लिअर सीमॉस पिना जोडून सगळे मूळपदावर आणावे लागते.

बायॉस मोड यूईएफआय असल्याची खात्री झाली की कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून बीसीडीएडिट या आज्ञेला एनम आणि फर्मवेअर हे शब्द जोडून चालवावे. मदरबोर्डवरील सर्व बूट नोंदी तेथे दिसतात. या ठिकाणी वाट तीन दिशांना फुटते आणि पुढचा सगळा विचार आपण कोणत्या वाटेवर आहोत यावर अवलंबून राहतो. उबुंटू, डेबियन किंवा फेडोरा अशी नोंद यादीत आहे, फक्त विंडोज बूट मॅनेजर तिच्या वर आहे, ही पहिली स्थिती. नोंद मुळातच नाही, ही दुसरी. नोंद पहिल्या क्रमांकावर आहे, तरीही विंडोजच उघडते, ही तिसरी.

क्रम बदललेला असेल तर

पहिल्या स्थितीत घाबरण्यासारखे काही नाही. विंडोजचे मोठे अद्यतन झाले की ते आपली बूट नोंद दुरुस्त करते आणि तसे करताना स्वतःला पहिल्या क्रमांकावर बसवते. वर्षातून एखाद्या वेळी, मोठ्या अद्यतनानंतरच, लिनक्स नाहीसे होत असेल तर कारण हेच समजावे. उपाय मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलणे एवढाच आहे. बहुतेक बोर्डांवर त्यासाठी चालू करताना डिलीट कळ दाबावी लागते. फक्त त्या वेळेपुरती निवड करायची असेल तर असुसच्या बोर्डांवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२ आणि एमएसआय व एएसरॉकवर एफ११ ही कळ बूट मेनू उघडते. कळ दाबूनही काही होत नसेल तर बोर्डाचे फास्ट बूट हे सेटिंग चालू असण्याची शक्यता आहे. त्यात कीबोर्ड ओळखण्याआधीच बोर्ड पुढे निघून जातो. विंडोजमधून सेटिंग, रिकव्हरी आणि अॅडव्हान्स्ड स्टार्टअप या मार्गाने पुन्हा सुरू केल्यास ‘यूज अ डिव्हाइस’ या पर्यायाखालीही लिनक्सची नोंद मिळते.

फास्ट बूट आणि फास्ट स्टार्टअप यांची गल्लत फार होते. फास्ट बूट हे मदरबोर्डचे सेटिंग आहे. फास्ट स्टार्टअप हे विंडोजचे आहे. त्यात संगणक पूर्ण बंद न होता विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो, आणि म्हणून लिनक्समधून विंडोजचे पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडते. लिनक्स नाहीसे होण्याशी त्याचा थेट संबंध नाही, तरी दोन प्रणाल्या असलेल्या संगणकावर ते बंद ठेवावे असे माझे मत आहे. बचत होते ती मोजक्या सेकंदांची आणि गुंतागुंत मात्र कायमची राहते.

नोंद पुसली जात असेल तर

खरी चिकाटी लागते ती दुसऱ्या स्थितीत, कारण नोंद नव्याने लिहिणे सोपे असले तरी पुसणारा हात सापडेपर्यंत ती टिकत नाही. येथे सर्वांत उपयोगी प्रश्न असा आहे की नोंद कशानंतर जाते: विंडोजमधून रीस्टार्ट केल्यावर, रात्रभर मुख्य वीज बंद ठेवल्यावर, की कॅबिनेट उघडून काही केल्यावर? उत्तर आठवत नसेल तर नोंद पुन्हा लिहून हे तिन्ही प्रसंग मुद्दाम, एकेक करून घडवून पाहावेत.

कॅबिनेट उघडल्यावर जात असेल, तर डिस्क एखाद्या वेळी बोर्डाला दिसली नाही हे कारण बहुधा निघते. अनेक मदरबोर्डांचे फर्मवेअर सुरू होताना ज्या नोंदीची डिस्क सापडत नाही ती नोंद काढून टाकते, आणि पुढच्या वेळी डिस्क परत आली तरी ती नोंद आपणहून परत लिहीत नाही. विंडोजच्या डिस्कच्या बाबतीत हे लक्षात येत नाही, कारण विंडोजची फाइल ठरलेल्या जागी शोधून ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी नोंद करण्याची सोय बहुतेक फर्मवेअरमध्ये असते. सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकात डिस्क क्षणभर नाहीशी होण्याची कारणे पुष्कळ असतात. साटा केबल सैल असते. एसएमपीएसच्या (वीजपुरवठा करणाऱ्या डब्याच्या) एकाच वायरीवर तीन डिस्क आणि पंखे टांगलेले असतात. जुनी हार्ड डिस्क थंड असताना वेग घ्यायला वेळ लावते आणि फास्ट बूट चालू असलेला बोर्ड तिच्यासाठी थांबत नाही.

याच गटातील एक कारण फारसे कोणी तपासत नाही. कित्येक मदरबोर्डांवर एम डॉट टू खाच आणि एखादा साटा पोर्ट एकाच मार्गिकेवर असतात, आणि खाचेत नवी एसएसडी बसवली की तो साटा पोर्ट बंद होतो. कोणता पोर्ट कोणत्या खाचेशी बांधलेला आहे हे बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. लिनक्स असलेली साटा डिस्क नेमकी त्या पोर्टला असेल तर ती एसएसडी बसवल्या दिवसापासून दिसेनाशी होते, केबल दुसऱ्या पोर्टला लावल्यावर डिस्क परत येते, पण तोवर नोंद गेलेली असते.

मुख्य वीज बंद राहिल्यावर नोंद जात असेल, तर बोर्डावरील सीआर२०३२ या तीन व्होल्टच्या बॅटरीकडे पाहावे. आजच्या बोर्डांवर बूट नोंदी सहसा फ्लॅश चिपमध्ये असतात आणि त्या टिकवण्यासाठी बॅटरी लागत नाही. परंतु बॅटरी संपली की घड्याळ व सीमॉसमधील सेटिंग नष्ट होतात, ते पाहून अनेक बोर्ड सगळेच मूळपदावर आणतात आणि त्या गडबडीत बूट क्रमही बदलतो. जेथे रोज रात्री बटण बंद करण्याची सवय आहे किंवा वीज वारंवार जाते, तेथे हे लवकर उघड होते. ओळखायची खूण म्हणजे तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसणे. घड्याळ नेमके साडेपाच तास मागे किंवा पुढे दिसत असेल, तर मात्र बॅटरी बदलू नये. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, म्हणून भारतात हा फरक बरोबर साडेपाच तासांचा येतो. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितले की तो मिटतो. बॅटरी खरोखरच संपली असेल तर ती किरकोळ किमतीत मिळते. ती बदलताना मागची वीजजोडणी काढलेली असावी.

बायॉस अद्ययावत केल्यावर नोंदी जाणे हे तर बहुतेक बोर्डांवर गृहीतच धरावे. अद्यतनात एनव्हीरॅम कोरी होते, सीएसएम व सिक्युअर बूट (केवळ मान्यताप्राप्त आरंभ-फाइल चालू देणारे) ही सेटिंग कारखान्यातील स्थितीत जातात, आणि काही बोर्डांवर साटा नियंत्रकाची पद्धतही बदलते. अद्यतनापूर्वी सेटिंगच्या सर्व पडद्यांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवली तर नंतरचा अर्धा त्रास वाचतो.

कोणत्याही प्रसंगाशी मेळ न खाता, लिनक्सच्या अद्यतनानंतरच बिघाड होत असेल, तर ईएसपी सामायिक आहे का ते पाहावे. उबुंटू आणि मिंट दोन्ही एकाच संगणकावर असतील तर दोघेही ‘उबुंटू’ हाच फोल्डर वापरतात आणि ज्याचे ग्रब, म्हणजे निवडीचा पडदा दाखवणारा बूटलोडर, शेवटी बसले त्याचा मेनू दिसतो. शिवाय यूबिक्विटी या जुन्या उबुंटू इन्स्टॉलरमध्ये, आणि तोच वापरणाऱ्या मिंटमध्ये, एक जुनी, परिचित त्रुटी आहे. बूटलोडर कोणत्या डिस्कवर ठेवायचा हे विचारले जाते, पण यूईएफआय पद्धतीत ते उत्तर बाजूला ठेवून पहिल्या डिस्कवरील ईएसपी वापरले जाते. परिणामी लिनक्स दुसऱ्या डिस्कवर, पण त्याची आरंभ-फाइल विंडोजच्या डिस्कवर, अशी फाळणी होते. विंडोजची डिस्क बदलली, फॉरमॅट केली किंवा तिच्यावर विंडोज नव्याने टाकले की लिनक्सवाली डिस्क शाबूत असूनही सुरू होत नाही.

नोंद आहे, पण चालत नाही

तिसरी स्थिती कमी आढळते. फॅट३२ मध्ये जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसते, त्यामुळे ग्रबचे किंवा विंडोजचे अद्यतन चालू असताना वीज गेली तर ईएसपीमधील फाइल अर्धवट राहू शकते. आरंभ-फाइल वाचता आली नाही की फर्मवेअर मुकाट्याने पुढच्या नोंदीकडे, म्हणजे विंडोजकडे, वळते. थेट सत्रातून त्या पार्टिशनवर एफएससीके डॉट व्हीफॅट चालवून मग ग्रब पुन्हा बसवावे. काळ्या पडद्यावर ग्रब रेस्क्यू असे शब्द येत असतील, तर नोंद व पहिली फाइल ठीक असून ग्रबला आपले पार्टिशन सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

निवड केल्यावर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ आणि ‘एसबीएटी’ असे शब्द क्षणभर दिसून संगणक बंद पडत असेल, तर ती वेगळी कथा आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा-अद्यतनाने जुन्या, धोकादायक बूटलोडरांना मज्जाव करणारी यादी मदरबोर्डवर लिहिली. दोन प्रणाल्या असलेल्या संगणकांना ते अद्यतन लागू होणार नाही असे सांगितले गेले होते, तरी अनेक ठिकाणी ते लागू झाले आणि जुने शिम (सिक्युअर बूटसाठीची लिनक्सची पहिली आरंभ-फाइल) असलेले लिनक्स अडले. मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मे महिन्यातील अद्यतनांत यावर दुरुस्ती दिली. तरीही जुन्या आयएसओ फाइलवरून बनवलेला पेनड्राइव्ह वापरणाऱ्यांना हा संदेश भेटू शकतो, म्हणून ताजी आयएसओ उतरवून घ्यावी. आधीपासून बसवलेल्या लिनक्ससाठी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्समध्ये जाऊन सर्व अद्यतने घ्यावीत आणि मग ते पुन्हा चालू करावे.

सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहून रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. ही पायरी कोणीही गाळू नये. बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाल्याचे दिसताच विंडोज ती अठ्ठेचाळीस अंकी की मागते, आणि ती नसेल तर विंडोजच्या पार्टिशनवरील सर्व काही कुलूपबंद राहते. लिनक्स परत मिळवण्याच्या नादात विंडोज गमावणे याहून वाईट सौदा नाही.

नोंद परत लिहिणे

पेनड्राइव्हवरून यूईएफआय पद्धतीने थेट सत्र सुरू करावे आणि टर्मिनलमध्ये सुडोसह ईएफआयबूटएमजीआर ही आज्ञा चालवून सध्याच्या नोंदी पाहाव्यात. एलएसबीएलके या आज्ञेने डिस्क व पार्टिशनांची यादी मिळते. त्यातील लहान फॅट३२ पार्टिशन माउंट करून लिनक्सचा फोल्डर व त्यात शिमएक्स६४ नावाची फाइल खरोखर आहे याची खात्री करावी. ती असेल तर ग्रब नव्याने बसवण्याचीही गरज नाही. ईएफआयबूटएमजीआरला नवी नोंद करण्यासाठी लहान लिपीतील सी, डिस्कच्या नावासाठी लहान डी, पार्टिशनच्या क्रमांकासाठी लहान पी, दिसावयाच्या नावासाठी मोठ्या लिपीतील एल आणि फाइलच्या मार्गासाठी लहान एल हे पर्याय द्यावे लागतात. फाइलच्या मार्गात तिरक्या रेषा विंडोजच्या पद्धतीने, म्हणजे उलट्या, लिहायच्या असतात आणि तो मार्ग एकेरी अवतरणात ठेवायचा असतो. आज्ञा बरोबर दिसूनही नोंद चालत नाही अशा बहुतेक तक्रारी या एका तपशिलात अडकलेल्या असतात. नवी नोंद आपोआप पहिल्या क्रमांकावर जाते.

मिंटच्या थेट सत्रात बूट रिपेअर नावाचे साधन असते आणि ते हे सगळे एका बटणावर करते. परंतु त्याचे प्रगत पर्याय जाणून न घेता वापरू नयेत. विंडोजच्या आरंभ-फायलींचे नाव बदलणारा पर्याय त्यात आहे, आणि तो वापरला की पुढच्या विंडोज अद्यतनाला नव्या गोंधळाची सुरुवात होते.

ती टिकावी म्हणून

येथपर्यंतचे काम लक्षणावरचे झाले. कायमची सोय हवी असेल तर नोंद पुसली गेली तरी चालेल अशी रचना करावी, आणि डेस्कटॉपमध्ये दुसरी डिस्क बसवणे सोपे असल्याने ते लॅपटॉपपेक्षा येथे सहज जमते. यूईएफआयच्या नियमानुसार, विशिष्ट नोंद नसेल तर फर्मवेअर डिस्कच्या ईएसपीमध्ये ईएफआय फोल्डरातील बूट या फोल्डरात बूटएक्स६४ नावाची फाइल शोधते. पेनड्राइव्हवरील इन्स्टॉलर कोणत्याही संगणकावर सुरू होतो तो याच नियमामुळे. लिनक्सची आरंभ-फाइल या ठिकाणीही ठेवली तर एनव्हीरॅम पूर्ण कोरी झाली तरी बोर्डाला ती डिस्क सुरू करता येते. अडचण एवढीच की एकाच ईएसपीवर विंडोजही असेल तर विंडोज आपली प्रत याच नावाने ठेवते, आणि एका जागी दोन फाइल राहू शकत नाहीत.

म्हणून लिनक्सला स्वतःची डिस्क आणि त्या डिस्कवर स्वतःचे ईएसपी द्यावे. २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी या कामाला भरपूर झाली. स्थापनेच्या वेळी विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवावी, एम डॉट टू एसएसडी असेल तर ती काढावी अथवा बोर्डाच्या सेटिंगमध्ये सोय असल्यास तिची खाच तेवढ्यापुरती बंद ठेवावी. इन्स्टॉलरला दुसरी डिस्क दिसलीच नाही तर वर सांगितलेल्या त्रुटीला वावच राहत नाही. स्थापना झाल्यावर बूट फोल्डरात ती प्रत आहे का ते पाहावे. डेबियनमध्ये ग्रब-ईएफआय-एएमडी६४ हे पॅकेज डीपीकेजी-रीकॉन्फिगरने पुन्हा रचले की काढता येण्याजोग्या माध्यमाच्या मार्गावर जादा प्रत ठेवायची का असा प्रश्न येतो, त्याला होकार द्यावा. फेडोरात या बूट फोल्डरात शिमच्या शेजारी एफबीएक्स६४ नावाची आणखी एक लहान फाइल असते आणि ती हरवलेली नोंद स्वतःहून परत लिहिते. विसराळू बोर्डांसाठी याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही.

आधीच स्थापना झालेली असेल आणि आरंभ-फाइल विंडोजच्या डिस्कवर पडली असेल, तरी लिनक्स काढण्याची गरज नाही. लिनक्सच्या डिस्कवर जीपार्टेडने सुमारे ५१२ एमबी जागा मोकळी करून फॅट३२ पार्टिशन करावे, त्याला ईएसपीची खूण लावावी, ईटीसी फोल्डरातील एफएसटॅब फाइलमध्ये बूट-ईएफआयच्या ओळीतील जुन्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) काढून नव्याचा लिहावा, ते माउंट करून ग्रब-इन्स्टॉल चालवावे. यानंतर ग्रबच्या मेनूतून विंडोज गायब झालेले दिसले तर दचकू नये. ग्रब २.०६ पासून इतर प्रणाल्या शोधणारे ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेले असते. ईटीसीमधील डीफॉल्ट फोल्डरातील ग्रब या फाइलमध्ये जीआरयूबी-डिसेबल-ओएस-प्रोबर या सेटिंगची किंमत फॉल्स करून अपडेट-ग्रब चालवले की विंडोज मेनूत परत येते.

सर्व झाल्यावर परीक्षा घ्यावी. विंडोजमधून रीस्टार्ट, लिनक्समधून रीस्टार्ट, पूर्ण बंद करून पुन्हा चालू आणि शेवटी मागची वीजजोडणी काढून काही मिनिटांनी थंड आरंभ, या चारही वेळी लिनक्सचा मेनू आला पाहिजे. पहिल्या तीन वेळी आला आणि शेवटी आला नाही तर पुन्हा बॅटरीकडे आणि केबलींकडे वळावे.

एवढे करूनही ‘विंडोज बूट मॅनेजर’ सोडून दुसरी नोंद न मानणारे काही बोर्ड उरतात. त्यांच्यासाठी विंडोजच्या नोंदीचाच रोख लिनक्सकडे वळवता येतो. प्रशासक कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिटच्या सेट या पर्यायाने महिरपी कंसातील बूटएमजीआरचा मार्ग उबुंटू फोल्डरातील शिमएक्स६४ या फाइलचा करावा. पॉवरशेलमध्ये महिरपी कंसाचा अर्थ वेगळा लागतो, म्हणून तेथे ही आज्ञा देऊ नये. आरंभ-फाइल विंडोजच्याच ईएसपीवर असेल तरच हे चालते, म्हणजे स्वतंत्र डिस्कच्या रचनेशी त्याचा मेळ बसत नाही, आणि विंडोजचे मोठे अद्यतन हा रोख पुन्हा स्वतःकडे वळवू शकते. लिनक्स पुढे काढून टाकायचे ठरले, तर त्याची पार्टिशने पुसण्याआधी तो मार्ग मायक्रोसॉफ्ट फोल्डरातील बूट उपफोल्डरातील बूटएमजीएफडब्ल्यू या मूळ फाइलकडे परत करून ठेवावा, नाहीतर विंडोजही सुरू होणार नाही.